कपाट क्रमांक ४ : वाचनालयातल्या आरोग्य, काम आणि जगण्याच्या पुस्तकांची डागडुजी

आमचं वाचनालय गुहागर तालुक्यातल्या एका गावात आहे. शासनमान्य आहे, 'क' वर्गातलं. मी उपकेंद्रात एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण गाव मला अजून सिस्टरच म्हणतं. आरोग्य, कामधंदा, माणसं सांभाळणं, मन आणि म्हातारपण या विषयांची पुस्तकं एका कपाटात नीट लावायचं काम मी अंगावर घेतलं, त्याच्या या नोंदी. छोट्या वाचनालयात कुणाला असंच काम करायचं असेल तर आमचे पैसे आणि दिवस कुठे वाया गेले ते आधीच कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

४ नोव्हेंबर २०२४

आधी हे काम का सुरू झालं ते सांगते. ऑक्टोबरात भातकापणी चालू असताना एका माणसाला मळ्यात फुरसं चावलं. घरातल्या कॉलेजच्या मुलाने पुस्तकात वाचलेलं केलं. दंडाला सुतळी आवळली, चाव्यावर ब्लेडने चीर दिली आणि रक्त पिळून काढलं. मग रिक्षा शोधली. ग्रामीण रुग्णालयात सापाचं इंजेक्शन मिळालं आणि माणूस वाचला. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यामुळे ती चीर दोन दिवस वाहत होती. हातावर अजून वण आहे आणि दोन बोटं पुरती वळत नाहीत. मुलाने ते पुस्तक मला दाखवलं. आत आमच्या वाचनालयाचा शिक्का होता.

मुलाची चूक नाही. त्याने वाचलं, विश्वास ठेवला आणि धीराने केलं. पुस्तक आमचं होतं.

आज ग्रंथपालदादांबरोबर दाखल नोंदवही घेऊन बसले. या विषयांची पुस्तकं सहा कपाटांत विखुरलेली निघाली. मोजून २८६ भरली. आरोग्याची १३१, धंदा-नोकरी-नेतृत्वाची ५८, मन आणि जगण्याची ९७. गेल्या वर्षभरात ही २८६ पुस्तकं मिळून फक्त ३७ वेळा घरी गेली आहेत.

९ नोव्हेंबर

सगळी पुस्तकं सभागृहात सतरंजीवर मांडली. पुस्तकं खाणारी कसर पाहिली तेवढी आयुष्यात पाहिली नसेल. पुस्तकं उघडून उभी केली, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटकली. नाकाला मास्क हवाच. मी पहिला तास बिनमास्कची बसले आणि रात्रभर खोकले.

१७ नोव्हेंबर

आरोग्याच्या पुस्तकांची चाळणी सुरू केली. नियम सोपा ठेवला. छपाईचं वर्ष २००५ नंतरचं असेल तर हिरवी चिठ्ठी, त्याआधीचं असेल तर उघडून तपासायचं. (हा नियम चुकीचा होता. पुढे १४ जानेवारीची नोंद वाचा.)

तपासताना पाहायच्या जागा मी ठरवून घेतल्या. पूर्ण पुस्तक वाचत बसलं तर वर्ष जाईल.

सर्पदंश पहिला. आवळून बांधा, चिरा द्या, चोखा यांपैकी काहीही दिसलं की लाल चिठ्ठी. आता सांगायचं ते एवढंच की माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हातपाय मोडलेल्या हाडासारखा फळीला धरून स्थिर ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा.

मग जुलाब. पोट रिकामं ठेवा, पाणी तोडा असं लिहिलेलं असेल तर लाल. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रोगी जगवून दाखवले. तरीही त्यानंतर वीस वर्षांनी छापलेल्या एका पुस्तकात जुलाब झालेल्या बाळाला फक्त तांदळाचं निवळ द्या, अंगावरचं दूध बंद करा असं आहे. मी उपकेंद्रात आयांना ओआरएस आणि चौदा दिवस झिंक समजावत होते, तेव्हा हे पुस्तक पाच मिनिटांच्या अंतरावर कपाटात बसलेलं होतं.

रक्तदाब तिसरा. 'शंभर अधिक वय' हा हिशोब चार पुस्तकांत सापडला. सत्तरीच्या आजोबांचा वरचा दाब १७० असला तरी वयाला शोभतो, असा त्याचा अर्थ होतो. या एका वाक्यापायी पक्षाघाताने पडलेली माणसं मी घरी जाऊन पाहिली आहेत. चारही लाल.

बाकीच्या जागा अशा, यांतलं काही करा म्हणून सांगितलं असेल तर लाल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी, मध, गुटी. भाजल्यावर तूप किंवा शाई. फिट आल्यावर तोंडात चमचा. क्षयरोगाला दीड-दोन वर्षं रोजचं इंजेक्शन. कुष्ठरोग्याची वेगळी वस्ती. छाती दाबून श्वास देण्याच्या प्रकरणात मोठ्या माणसाला १५ दाबांना २ श्वास असेल तर पुस्तक २००५ पूर्वीचं समजावं, कारण त्या वर्षापासून ३० ला २ झालं.

१३१ पैकी ६४ हिरवी, ४९ लाल, १८ माझ्याने ठरेनात.

१ डिसेंबर

कार्यकारी मंडळाची सभा. ४९ पुस्तकांचं निर्लेखन करा, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करून काढून टाका, असा ठराव मी मांडला आणि तो पडला. कारण खोटं नव्हतं. वाचनालयाच्या वर्गाला ग्रंथसंख्येची अट असते आणि अनुदान वर्गावर मिळतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या प्रत्येक छोट्या वाचनालयाला ही धास्ती असते. अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, पुस्तकं काढा म्हणता तर आधी तितकी आणा."

मला राग आला होता. घरी जाऊन शांत झाल्यावर मार्ग सुचला. लाल पुस्तकं नोंदवहीत राहतील, पण वेगळ्या कुलपाच्या कपाटात. मुखपृष्ठाच्या आत छापील लाल चिठ्ठी लावायची: 'जुनं वैद्यक. अभ्यासासाठी इथेच बसून वाचावं. उपचारासाठी वापरू नये. तातडीला १०८.' दुसऱ्या बैठकीत हे मंजूर झालं आणि ८,००० रुपयेही मिळाले. एक सदस्य म्हणाले, जुन्या काळात लोक काय मानत होते हे कळायलाही ही पुस्तकं हवीत. ते मला पटलं.

१२ डिसेंबर

डागडुजी. ७४ पुस्तकं खिळखिळी आहेत. मी दोन दिवसांत २३ पुस्तकांचे कणे पारदर्शक चिकटपट्टीने बांधले आणि सुटलेली पानं सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवली. दिसायला छान दिसलं.

१९ डिसेंबर

आठवड्यात गोंद वाळून दगड झाला. पान उलटलं की गोंदाच्या कडेवर कागद काडकन मोडतो. चिकटपट्टीच्या जुन्या दुरुस्त्या कपाटात होत्याच, त्या आधी पाहिल्या असत्या तर शहाणी झाले असते. पट्टी पिवळी पडून गळून गेली आहे, तिचा चिकटपणा मात्र कागदात तेलासारखा मुरला आहे आणि अक्षरं तपकिरी झाली आहेत. २३ पुस्तकांच्या पट्ट्या केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट हवेने हळूहळू सोडवल्या. तीन दिवस गेले. सात पुस्तकांची पानं फाटली. पट्टी आणि गोंदाचे २६५ रुपये पाण्यात.

२८ डिसेंबर

चिपळूणला एका बाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर खळ केली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी न होता मंद आचेवर शिजवायची आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद कोमट पाण्यात विरघळवून घालायची. मोरचुदाने कसर आणि झुरळ खळीला लागत नाही. मोरचूद विषारी असतं. भांडं वेगळं ठेवा, हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा. स्वयंपाकघरातलं पातेलं वापरू नका.

त्यांच्याकडून शिकले ते असं. पुस्तक फर्म्यांचं असेल, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जोड दोऱ्याने शिवलेले असतील, तर ते पुन्हा शिवता येतं, जुजबंदी करता येते. सुटी पानं नुसती गोंदाने उभी केलेली असतील तर शिवायला घडीच नसते, कडेने टोचून शिवावं लागतं. मग पानाचा आतला समास खाल्ला जातो आणि पुस्तक सपाट उघडत नाही. आमची नव्वदनंतरची बरीच पुस्तकं दुसऱ्या जातीची आहेत. साठ-सत्तरची पुस्तकं कागदाने पिवळी पडली तरी शिलाईने भक्कम आहेत. नवं पुस्तक घेताना आता मी आधी कणा उघडून दोरा पाहते.

३१ पुस्तकं काकांना दिली, ११० रुपयांप्रमाणे ३,४१० झाले. ३८ मी घरी खळ आणि पातळ मलमलीच्या पट्ट्यांनी केली. ५ दुरुस्तीपलीकडची.

खळ वाळेपर्यंत दासबोध चाळत होते. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. कागद कसा निवडावा, अक्षर कसं घोटावं, पोथी कशात बांधून जपावी, हे समर्थांनी अगदी कारागिराच्या बारकाईने सांगितलं आहे. मी हा समास लहानपणी पाठ केला होता, पण हाताला खळ लागलेली असताना पहिल्यांदा समजला.

१४ जानेवारी २०२५

ही या कामातली सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर लिहिते.

संक्रांतीला शेजारच्या वाडीतल्या एक ताई तिळगूळ द्यायला आल्या. हातात आमचंच प्रथमोपचाराचं पुस्तक, हिरव्या चिठ्ठीचं. म्हणाल्या, "सिस्टर, यात विंचवाचं वाचलं, पण तुम्ही सांगता त्याहून वेगळं आहे." उघडलं. विंचवाच्या दंशावर चिरा देऊन औषध भरा असं लिहिलेलं. पुढच्या पानावर साप, तिथेही ब्लेड.

वर्ष पाहिलं, २००९. मग खालची बारीक ओळ वाचली. 'पहिली आवृत्ती १९६४. पुनर्मुद्रण १९७१, १९८८, २००९.' म्हणजे मजकूर १९६४ चा, कागद तेवढा २००९ चा. नवी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक मी पाहिलाच नव्हता. आवृत्तीत लेखकाने मजकुराला हात लावलेला असू शकतो. पुनर्मुद्रणात तेच जसंच्या तसं पुन्हा छापलेलं असतं.

लाल विंचू हा कोकणातला जुना वैरी. पूर्वी विंचवाने मुलं दगावत असत, हृदय आणि फुप्फुसं बिघडून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि ते मरण खूप कमी झालं. हे १९८० च्या दशकातलं काम. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात लागलेला शोध, आणि आपल्याच कपाटातल्या २००९ च्या पुस्तकाला त्याची खबर नाही. ताईंनी विचारलं नसतं तर मलाही कळलं नसतं.

सगळी ६४ हिरवी पुस्तकं पुन्हा काढली. आणखी ११ लाल झाली. न ठरलेली १८ प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दोन संध्याकाळी देऊन ७ हिरवी, ११ लाल केली. शेवटचा आकडा हिरवी ६०, लाल ७१. निम्म्याहून जास्त पुस्तकं घरी देण्यालायक नव्हती.

आता नियम असा: मुखपृष्ठ पाहायचं नाही, मागचं पानही नाही. आतल्या तपशिलाच्या पानावर पहिल्या आवृत्तीचं वर्ष आणि 'सुधारित' हा शब्द शोधायचा. शब्द असला तरी साप, जुलाब आणि रक्तदाब ही तीन पानं उघडायचीच.

२ फेब्रुवारी

पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन आले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे येणं-जाणं आणि पार्सल मिळून ६४० रुपयांत झालं. १४ पुस्तकं, सवलतीनंतर ३,२८५ रुपये. जाताना यादी नेली होती, ती अर्धी बाजूला ठेवली. यशाची, श्रीमंतीची, पहाटे उठण्याची भाषांतरित पुस्तकं पुष्कळ. त्यांतली माणसं काचेच्या ऑफिसात बसतात, वरिष्ठांना नावाने हाक मारतात आणि नोकरी आवडली नाही तर सोडून देतात. आमच्याकडे अशी नऊ आधीच होती. देवघेव नोंदवहीप्रमाणे ती जातात आणि तीन दिवसांत परत येतात. मी एकही घेतलं नाही.

डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' ची दुसरी प्रत मात्र घेतली. आमची पहिली प्रत हातोहाती जाऊन फाटली आहे. डॉक्टर स्वतः रोगी झाला आणि त्याने जगणं बदललं, हे लोकांना उपदेशापेक्षा जवळचं वाटतं. आहारासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेली आहाराची मार्गदर्शक सूत्रं आहेत, एकूण १७. ती इंग्रजीत होती. त्यातलं मीठ, तेल, डाळ आणि मुलांचं खाणं एवढं मी मराठीत हाताने उतरवून वही केली. वहीलाही दाखल क्रमांक घेतला.

२३ फेब्रुवारी

मांडणी. ग्रंथपालदादांनी दशांश पद्धतीप्रमाणे लावलं: १५८ ला मन, ६१३ ला आरोग्य, ६१६ ला रोग, ६४९ ला मुलं वाढवणं, ६५८ ला व्यवस्थापन. शास्त्र म्हणून बरोबर, नोंदवहीतही तसंच ठेवलं. पण तीन दिवस मी कोपऱ्यात बसून पाहिलं. माणसं येतात, आकड्यांकडे बघतात आणि कादंबऱ्यांकडे वळतात. मग फळ्यांवर गावाच्या बोलीत पट्ट्या लावल्या. 'साखर आणि बीपी'. 'बाळंतीण आणि बाळ'. 'झोप लागत नाही'. 'धंदा आणि हिशोब'. 'माणसं सांभाळताना'. 'म्हातारपण'. 'दारू सोडायची आहे'.

२१ मार्च

शिमग्यात काम थांबलं. पालखी घरोघर, मुंबईचे चाकरमानी गावात. त्यातलाच एक गिरगावात टॅक्सी चालवणारा भाऊ 'झोप लागत नाही' या फळीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, रात्रपाळीवाल्याने काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नाही. खरंच नाही. सगळी पुस्तकं रात्री दहाला झोपणाऱ्यांसाठी लिहिलेली. खरेदीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवलं.

३० मार्च, गुढीपाडवा

कपाट उघडलं. बचत गटाच्या अध्यक्षताईंनी पहिलं पुस्तक नेलं, हिशोब ठेवण्याचं. पहिल्या दिवशी ९ पुस्तकं गेली.

२० एप्रिल

तीन आठवड्यांत ३२ पुस्तकं गेली. 'दारू सोडायची आहे' या फळीवरचं एकही नाही. 'झोप लागत नाही' वरचं एक. मला आधीच कळायला हवं होतं. उपकेंद्रात तांबी बसवायला किंवा खोकल्याचा बेडका तपासायला येणारी माणसं मागच्या दाराने यायची. चार लोकांसमोर त्या पट्टीखालचं पुस्तक उचलणं म्हणजे गावाला सांगणंच की.

पट्टी काढली. त्या फळीवरची १७ पुस्तकं इतर पुस्तकांमध्ये पसरवली. कपाटातल्या सगळ्याच पुस्तकांना, हिशोबाच्या आणि बाळाच्याही, एकसारखं खाकी कव्हर घातलं आणि वर फक्त दाखल क्रमांक टाकला. नावांची यादी झेरॉक्स काढून दाराशी ठेवली. ती घरी नेता येते. वाचक घरी नावं बघतो, चिठ्ठीवर क्रमांक लिहून देतो, दादा पुस्तक काढून देतात. दादांशी एकच बोलणं झालं, क्रमांक वाचताना नाव मोठ्याने म्हणायचं नाही. मनाच्या आणि व्यसनाच्या पुस्तकांत शेवटच्या पानावर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, १४४१६ हा फुकटचा क्रमांक चिकटवला.

खाकी कागदाला आणि कव्हरं घालायला चार दिवस लागले. कपाट आता दिसायला अगदी रूक्ष आहे.

४ मे

दोन आठवड्यांत त्या १७ पैकी ६ पुस्तकं बाहेर गेली. कोण घेऊन गेलं ते मी दादांना विचारलेलं नाही.

आजची दुसरी गोष्ट. बंदरावरचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आले. बोटीवर बारा खलाशी, त्यातले निम्मे नेपाळी. म्हणाले, "माणसं टिकत नाहीत. भांडतात, मधेच दुसऱ्या बोटीवर जातात. माणसं कशी धरून ठेवायची याचं काही आहे का?" मी 'माणसं सांभाळताना' या फळीवरची तीन पुस्तकं दिली. त्यांनी तिथेच उभ्याने चाळली आणि परत केली. "यात सगळे खुर्चीत बसलेले आहेत, सिस्टर."

मग मला आज्ञापत्र आठवलं. रामचंद्रपंत अमात्यांचं, मराठ्यांच्या राज्यकारभारावरचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. ते इतिहासाच्या कपाटात होतं. त्यात आरमाराचं वेगळं प्रकरण आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरलेल्या उत्पन्नातून द्यावा, समुद्रावर जे हाती लागेल त्या पैदाशीवर नेमू नये, नाहीतर व्यापाऱ्यांना त्रास होतो आणि बंदरं बसतात, असं पंत सांगतात. जहाजाच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लेकरांसारखी वाढवावी लागतात. झाड जीर्णच झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं.

भाषा जुनी, म्हणून हायस्कूलच्या गुरुजींना बसवून वाचलं. पैदाशीच्या वाक्यावर तांडेल थांबले. बोटीवर खलाशांना माशांच्या वाट्यावर पैसे मिळतात. मासा लागला नाही की त्या महिन्यात खलाशाच्या घरी काही जात नाही आणि भांडणं तेव्हाच होतात, असं ते स्वतःच म्हणाले. पुढचे तास-दीड तास त्यांचं आणि गुरुजींचं बोलणं चाललं: थोडा पगार ठरलेला आणि वर वाटा, असं जमेल का, डिझेलचा खर्च आधी की नंतर. मी फक्त चहा आणला.

आज्ञापत्र इतिहासातून उचलून 'माणसं सांभाळताना' मध्ये आणलं. नोंदवहीत क्रमांक जुनाच, जागा नवी. आता इतिहास आणि चरित्रांचं कपाटही याच नजरेने बघायला हवं.

२४ मे

पाऊस ७ जूनला धरून चालले होते. कपाट भिंतीपासून सहा इंच पुढे ओढायचं, खाली विटा द्यायच्या, मागच्या भिंतीची भेग बुजवायची, हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी ठेवलं होतं. पाऊस २० मेपासूनच कोसळतो आहे. आज सकाळी कपाट उघडलं तर खालची फळी ओली. भिंतीतून पाणी झिरपून पाठीमागच्या प्लायवूडला लागलं होतं. ३४ पुस्तकं दमट, त्यातली काही चिंब.

काय केलं ते लिहिते. पुस्तकं उभी केली, पानं पंख्यासारखी उघडून, दर दहा-पंधरा पानांत वर्तमानपत्राचा कोरा कागद. छापील घातला तर शाई उमटते. पंखा जमिनीला समांतर. उन्हात ठेवायची नाहीत, कणा वाकतो, ऊन नव्हतंच. गुळगुळीत चकचकीत कागदाची पानं ओली असतानाच एकेक सुटी करावी लागतात. वाळली की वीट होते. हे मला दुपारी कळलं, तोवर आहाराचं रंगीत चित्रांचं एक नवं पुस्तक गेलं होतं. ४२० रुपयांचं, पुण्याहून आणलेल्या चौदांतलं.

खाकी कव्हरांनी पाणी धरून ठेवलं. ती सगळी काढून फेकली.

२६ मे

मान्सून काल अधिकृतपणे राज्यात आला. इतक्या लवकर गेल्या पस्तीस वर्षांत आला नव्हता म्हणे. ९ पुस्तकांवर बुरशी. ती पूर्ण वाळू दिली, मग बाहेर ओटीवर मास्क लावून ब्रशने झटकली. ओली बुरशी पुसायला जाऊ नका, ती कागदात घुसते. एकूण ४ पुस्तकं गेली. दोन मजूर लावून कपाट आज ओढून घेतलं, विटा दिल्या. ६०० रुपये.

डांबरगोळ्या टाका असं सगळे सांगत होते. मी नको म्हटलं. वाचनालयात बाळांना घेऊन आया येतात, आणि काही बाळांच्या रक्ताला डांबरगोळीचा वास सोसत नाही, रक्तपेशी फुटून कावीळ होते. वेखंडाच्या कांड्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पिशवीत बांधून ठेवला आहे. खरा उपयोग मात्र कपाटामागून वारा खेळण्याचा झाला. कसर पुष्कळ कमी आहे.

१५ जून

हिशोब. बाइंडिंग ३,४१०. नवी पुस्तकं ३,२८५. प्रवास आणि पार्सल ६४०. चिकटपट्टी, गोंद, मैदा, मोरचूद, मलमल, ब्रश आणि खाकी कागद मिळून १,१४५. चिठ्ठ्या, पट्ट्या आणि झेरॉक्स ४२०. मजुरी ६००. एकूण ९,५००. मंडळाचे ८,०००, माझे १,५००. वेळ सात महिने, आठवड्यातले साधारण तीन दिवस. पुन्हा करायचं झालं तर पहिल्याच दिवशी तपशिलाचं पान वाचेन, बाइंडरकडे गोंदाच्या आधी जाईन आणि भिंत एप्रिलमध्ये बुजवून घेईन. यात दीड महिना आणि पाचशे-सहाशे रुपये सहज वाचले असते.

एप्रिलमध्ये ४१ पुस्तकं गेली, मेमध्ये पावसाने २९.

लाल कपाटातली पुस्तकं बसून वाचायला आजवर एकच जण आला. तोच कॉलेजचा मुलगा, ज्याने फुरसं चावलेल्या काकांच्या हाताला चीर दिली होती. नर्सिंगला अर्ज केला आहे म्हणाला. त्याने सापाची सगळी प्रकरणं काढली, कुठल्या पुस्तकात काय आहे आणि वर्ष कुठलं, ते वहीत उतरवून घेतलं. संध्याकाळी सहाला दादांनी दिवे घालवले तेव्हा अकरा पुस्तकं झाली होती. उरलेल्यांसाठी उद्या येतो म्हणाला.

बाकी कामं: रात्रपाळीवाल्यांच्या झोपेचं पुस्तक शोधणं. खाकी कव्हरं पुन्हा, पाऊस ओसरल्यावर. चरित्रांचं कपाट. मासेमारी बंद आहे, त्यामुळे तांडेलांनी आज्ञापत्राची मुदत दुसऱ्यांदा वाढवून घेतली आहे.